मसुदेकरांची हरकत

एखाद्या गोष्टीला विरोध करायचा असेल तर पहिल्या परिच्छेदात तिचं मनापासून स्वागत करावं, ही विद्या मसुदेकरांना बँकेच्या नोकरीनं दिली. मसुदेकर हे आडनाव मी ठेवलेलं. खरं आडनाव कोकणातल्या एका गावावरून आलंय, पण ते छापलं तर त्यांचा मुद्देसूद खुलासा येईल आणि त्याला उत्तर द्यायची मुदतही तेच ठरवतील.

चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये, बँक स्क्वेअरला, एका सरकारी बँकेच्या झोनल ऑफिसात ते बसतात. रिझर्व्ह बँकेचं कार्यालयही त्याच सेक्टरात. त्यामुळे नियम करणारे आणि नियमाला हरकत घेणारे सकाळी एकाच भागात गाडी लावायला जागा शोधत फिरत असतात. पंजाबी लोकांना 'मसुदेकर' हा शब्द शेवटपर्यंत नेण्याचा उत्साह नाही. ऑफिसात ते 'मसूद साब' आहेत. पहिल्या महिन्यात त्यांनी यावरही एक टिपण तयार केलं होतं म्हणे. झोनल मॅनेजर हरियाणाचे, त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ठीक है मसूद साब, देख लेंगे।"

आता त्यांचं काम काय, ते सांगतो. रिझर्व्ह बँक हल्ली मोठा नियम एकदम अंगावर टाकत नाही. आधी मसुदा वेबसाइटवर ठेवते, महिना-दीड महिना देते आणि बँकांच्या व जनतेच्या सूचना मागवते. आपल्याकडे महापालिका विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवते, तोच प्रकार. जनता सहसा काही लिहीत नाही. लिहितात बँका. आणि बँका लिहितात म्हणजे कसं, तर हेड ऑफिसातून झोनल ऑफिसला दुपारी पावणेतीनला मेल येतो, 'आपले अभिप्राय आज चार वाजेपर्यंत पाठवावेत.' झोनल मॅनेजर तो मेल जसाच्या तसा मसुदेकरांकडे सरकवतात. मसुदेकर डबा अर्धा सोडून बसतात. त्यांचं लिखाण हेड ऑफिसात जातं, तिथे त्यातली दोन वाक्यं उरतात, ती मुंबईत इंडियन बँक्स असोसिएशनच्या एकत्रित पत्रात गेली तर जातात, आणि मग पेपरात बातमी येते: बँकिंग क्षेत्राची प्रस्तावित नियमांबाबत चिंता. ती बातमी कापून ठेवायला मसुदेकरांकडे वेगळी फाइल आहे. आपलं वाक्य कोणतं, हे त्यांना लगेच ओळखू येतं. इतर कुणाला येत नाही.

त्यांच्या उत्तराचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात स्वागत. दुसऱ्यात मसुद्यामागच्या उदात्त हेतूशी पूर्ण सहमती. तिसरा 'तथापि'नं उघडतो आणि दोन पानं चालतो. चौथ्यात संगणक प्रणालीत बदल करायला किमान बारा महिने लागतील. पाचव्यात अल्पभूधारक शेतकरी, निवृत्त शिक्षक आणि विधवा. या तिघांना मसुदेकरांनी आजवर इतक्या नियमांपासून वाचवलंय की त्यांची एखादी संघटना असती तर तिनं त्यांचा सत्कार केला असता. चेष्टा सोडा, एकदा तरी हा पाचवा परिच्छेद खरा ठरला. एप्रिल २०२५ मध्ये सोनंतारण कर्जाचा मसुदा आला तेव्हा लहान कर्जदाराची काळजी देशभरातून, अर्थमंत्रालयापासून सगळ्यांनी केली, आणि जूनमध्ये आलेल्या अंतिम नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. मसुदेकर तो आठवडाभर ऑफिसात अशा चालीनं फिरत होते, की कुणा बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र त्यांनीच सोडवून आणलंय.

पण त्यांचं खरं महायुद्ध त्याआधीच्या वर्षी झालं. २५ जुलै २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं जो मसुदा काढला, त्याचा विषय इतका रूक्ष की पेपरवाल्यांनीही तो आतल्या पानावर टाकला. बँकेतले लोक त्याला नुसतं एलसीआर म्हणतात. कल्पना मात्र साधी आहे. बँकेवर गंडांतर आलं तर पुढच्या तीस दिवसांत किती ठेवी निघून जातील याचा अंदाज बांधायचा, आणि तेवढ्याला पुरतील असे चटकन विकता येणारे सरकारी रोखे वगैरे हाताशी ठेवायचे. लहान ठेवीदारांच्या पक्क्या ठेवींत शंभरातले पाच रुपये जातील, असं आजवर धरलं जायचं. मग मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले. दाराशी धक्काबुक्की नाही, काचा फुटल्या नाहीत. लोकांनी बसल्या जागी बोटं चालवली. हे पाहून रिझर्व्ह बँक म्हणाली, ज्या खात्याला मोबाइल किंवा इंटरनेट बँकिंग आहे त्याच्या बाबतीत आणखी पाच धरा. म्हणजे शंभरातले दहा. अंमल १ एप्रिल २०२५ पासून. सूचना ३१ ऑगस्टपर्यंत.

बँकेच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की कर्जाऊ देऊन चांगलं व्याज कमवायचं ते पैसे सरकारी रोख्यांत निजवून ठेवायचे. मसुदेकरांनी बाह्या सरसावल्या. त्यांचा मुद्दा स्थानिक होता आणि, खरं सांगायचं तर, वाईट नव्हता. चंडीगड हे उत्तरेतलं पुणं. फौजेतून निवृत्त झालेले, पंजाब आणि हरियाणा अशा दोन सरकारांतून निवृत्त झालेले, ज्यांची मुलं कॅनडात स्थायिक झालीत असे लोक इथे आणि पंचकुला-मोहालीत राहतात. हा ठेवीदार पासबुक घेऊन शाखेत येतो, मॅनेजरची चौकशी करतो, कॅलेंडर मागतो. त्याच्या खात्याला मोबाइल बँकिंग जोडलेलं असतं ते नातवाच्या हौसेपायी. 'सदर ठेवीदार शाखेशी भावनिकदृष्ट्या जोडलेला असून त्याच्याकडून अकस्मात ठेव काढली जाण्याची शक्यता नगण्य आहे', असं वाक्य त्यांनी लिहिलं. इंग्रजीत ते आणखी भारदस्त झालं होतं.

त्या वाक्याची शाई (आता शाई कुठली म्हणा) वाळायच्या आत एक निवृत्त कर्नल साहेब आत आले. खालच्या शाखेत पासबुक छापायचं यंत्र बंद होतं, त्याची तक्रार घेऊन ते वर आलेले. वय ऐंशीच्या पुढे, पगडीला कडक इस्त्री, पाठ ताठ. मसुदेकरांना चालताबोलता पुरावाच मिळाला. त्यांनी आपल्या हाताखालच्या पटियाळ्याच्या मुलीला हाक मारली, कर्नलना बसवलं, चहा मागवला आणि तिला मराठमोळ्या हिंदीत म्हणाले, "देखो, इसको बोलते हैं स्टेबल डिपॉझिट."

कर्नल चहा पिता पिता गप्पांना लागले. मुलगी ब्रॅम्प्टनला असते, तिनं सांगितलंय, अमुक एका छोट्या बँकेत ज्येष्ठांना एक टक्का जास्त मिळतो. तुमचा दर काय, मसूद साब? मसुदेकरांनी सांगितला. कर्नल 'अच्छा' म्हणाले, खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठा चालवायला लागले. मसुदेकरांना वाटलं, नातवंडांचे फोटो दाखवतायत. तेवढ्यात फोननं 'टिंग' केलं. "लओ जी, हो गया!" कर्नल म्हणाले. मुदत ठेव मोडून, मुदतीआधी मोडल्याचा दंड सोसून, सगळी रक्कम दुसरीकडे रवाना झाली होती. भावना तेवढ्या शाखेत राहिल्या. जाताना त्यांनी चहाचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर ठेवायला सांगितलं.

पटियाळ्याची मुलगी वही घेऊन उभीच होती. "सर, ये भी लिखना है?"

"एका कर्नलवरून फौज ठरत नाही," मसुदेकर मराठीतच म्हणाले. मात्र रात्री पत्र पाठवण्याआधी त्यांनी 'सर्व ठेवीदार' खोडून 'बहुतांश ठेवीदार' केलं. माणूस लबाड नाही.

२१ एप्रिल २०२५ ला अंतिम नियम आले. जादा पाचऐवजी अडीच, आणि अंमल १ एप्रिल २०२६ पासून, म्हणजे मूळ तारखेहून वर्षभर उशिरा. मसुदेकरांनी ऑफिसात बर्फी वाटली. देशभरातल्या डझनावारी बँकांनी तेच मागितलं होतं ही गोष्ट त्यांनी बर्फीच्या डब्यावर लिहिली नव्हती. संध्याकाळी मात्र ते थोडे गप्प होते. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, बरोबर निम्मं कसं झालं? म्हणजे पहिल्यापासून त्यांना अडीचच हवं होतं की काय?" ही शंका त्यांना तेव्हापासून पोखरते आहे. शनिवारी अपनी मंडीत घासाघीस करून निम्म्या भावात दुधी आणला, की घरी येईपर्यंत वाटतं पाव भावात मिळाला असता, तसलं हे दुःख. दोन महिन्यांनी प्रकल्प कर्जांचे अंतिम नियम आले. तिथे मे २०२४ च्या मसुद्यात बांधकाम चालू असताना ५ टक्के तरतूद सुचवलेली. शेवटी बहुतेक प्रकल्पांना १ टक्का उरली. तेव्हा मसुदेकर आणखी अस्वस्थ झाले. "पाचाचा एक! आपण एलसीआरमध्ये कमी ओरडलो."

खरा मसुदेकर दिसतो तो मसुदा संपल्यावर. जो नियम आदल्या वर्षी 'व्यवहारात अमलात आणणं अशक्य' होता, तो परिपत्रक होऊन आला की त्यांच्या अंगात येतो. मोहालीच्या शाखेत त्यांनी एलसीआरच्या याच नियमावर प्रशिक्षण दिलं. पडद्यावर पहिल्यांदा सिलिकॉन व्हॅली बँक, मग एक बंद शटर, मग मोठ्या अक्षरात 'दक्षता'. मोबाइलच्या युगात ठेव म्हणजे पाखरू आहे, हे बजावून सांगताना त्यांचा आवाज भरून आला. एका तरुण शाखाधिकाऱ्यानं हात वर केला. "सर, पिछले साल तो आपने लिखा था कि ये डिपॉझिट हिलेगा ही नहीं."

"तेव्हा तो मसुदा होता," मसुदेकर म्हणाले, आणि पुढच्या पडद्यावर गेले.

या माणसाला ढोंगी म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. वकील जसा दोन्ही खटल्यांत प्रामाणिक असतो, तसलीच ही जात. फरक एवढाच, की वकिलाला फी मिळते आणि मसुदेकरांना बदली. त्यांच्या बुद्धीचा बाणा असा, की नियम येईपर्यंत तो नको, आणि आला की त्याच्याशिवाय जग चाललं कसं!

या विद्येत त्यांची दीक्षा २०११ ची. तोवर बचत खात्यावरचं व्याज रिझर्व्ह बँक ठरवायची. मे २०११ पासून ते ४ टक्के होतं. त्याच सुमारास तिनं चर्चापत्र काढून विचारलं, हा दर बँकांनाच ठरवू द्यावा का? मसुदेकर तेव्हा पुण्यात होते, तरुण आणि जळजळीत. बँकाबँकांत दरयुद्ध पेटेल, लहान ठेवीदार गोंधळेल, असं बँकांचं म्हणणं होतं, आणि मसुदेकरांनी त्याला आपल्या परीनं लाकडं पुरवली. २५ ऑक्टोबर २०११ ला रिझर्व्ह बँकेनं दर मोकळे केले. एक-दोन खासगी बँकांनी लगेच ६ टक्के जाहीर केले. मसुदेकर खंदकात उतरून वाट पाहत राहिले. मोठ्या बँका ४ वरून हलल्याच नाहीत. सहा वर्षं! २०१७ मध्ये स्टेट बँक हलली ती खाली, साडेतीनवर. आणि जून २०२५ मध्ये तर अडीचवर आली. युद्ध झालंच नाही आणि खंडणी ठेवीदारानं भरली. हे मी त्यांना एकदा म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "निरीक्षणाचं स्वागत आहे."

गेली काही वर्षं त्यांना युरोपचा नाद लागलाय. तिकडे बचत बँकांची आणि लहान ग्राहकांवर चालणाऱ्या बँकांची मोठी संघटना ब्रुसेल्समध्ये आहे. युरोपीय आयोगानं काही सुचवलं, की तिचं लेखी उत्तर तयार असतं. मसुदेकर ती उत्तरं रात्री जेवणानंतर वाचतात, आणि मधूनच "वा!" म्हणतात. तिकडचाही साचा तोच. विधवेच्या जागी तिकडे 'प्रमाणबद्धता' असते, म्हणजे आम्ही लहान, आम्हाला मोठ्यांचा दंडक लावू नका. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोगानं संपूर्ण युरो क्षेत्राला मिळून एकच ठेव विमा योजना सुचवली. जर्मनीतल्या श्पारकासे म्हणजे गावोगावच्या बचत बँका भडकल्या. आमच्या ठेवीदारानं साठवलेल्या पुंजीतून दुसऱ्या देशातल्या बँकेचं पाप का धुवायचं? दहा वर्षं लोटली तरी ती योजना जागची हलली नाही. मसुदेकर हे सांगताना उभे राहतात. "दहा वर्षं! आणि आपण वर्षभराची मुदतवाढ मिळाली म्हणून बर्फी वाटतो."

मी त्यांना म्हटलं, आपल्याकडे हीच गोष्ट निराळ्या क्रमानं झाली. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १९६२ च्या जानेवारीपासून देशभर ठेव विमा आला. तेव्हा सूचना मागवत बसले असते तर? मसुदेकर विचारात पडले. मग म्हणाले, "अकोल्याच्या शाखेचं मत घ्यायला हवं होतं, हे तुम्हालाही मान्य आहे."

युरोपची एक गंमत मात्र त्यांना पचलेली नाही. जून २०२३ मध्ये तिकडे डिजिटल युरोचा प्रस्ताव आला: मध्यवर्ती बँकेचं चलन थेट लोकांच्या फोनमध्ये. माणशी तीन हजार युरोंपर्यंत मर्यादा असावी, अशी चर्चा होती. तिकडच्या बचत बँका म्हणाल्या, मर्यादा आणखी खाली आणा, नाहीतर लोक फोनवरून आमच्या ठेवी पळवतील. आणि इथे मसुदेकर लिहून बसले होते की फोनवरून ठेवी पळत नाहीत. एकाच वर्षाच्या आगेमागे, एकाच धंद्यातली माणसं, दोन टोकांची भाकितं; आणि दोन्हींतून मागणी निघते ती एकच, नियम आमच्या सोयीचा हवा. मी हे दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला. "हवामान वेगळं आहे," म्हणाले.

हवामानावरून आठवलं. पाहुणे आले की ते त्यांना कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला उघडा हात दाखवायला नेतात. ल कॉर्बुझिएची कल्पना: २६ मीटर उंच पत्र्याचा पंजा, वाऱ्याबरोबर फिरतो, द्यायलाही उघडा, घ्यायलाही उघडा. मसुदेकर खाली उभे राहून म्हणतात, "देण्याला हरकत नाही, पण तारण काय?" त्यांचा आणखी एक ठेवणीतला विनोद आहे. हे शहर आखणारा जन्मानं स्विस, आणि बँकांना भांडवलाचे नियम देणारी समिती बसते ती स्वित्झर्लंडमधल्या बासेलला. "स्विस लोकांनी आपल्याला दोन गोष्टी दिल्या, सेक्टर आणि बासेल. दोन्हींत चुकून कुणी गॅलरी बंद केली तर नोटीस." यावर पाहुणे हसत नाहीत. वहिनी आधीच गाडीत जाऊन बसलेल्या असतात.

वहिनींबद्दल बोलायलाच हवं, कारण रिझर्व्ह बँकेच्या आधी हे शास्त्र त्यांनी ओळखलं. लग्नानंतर सुरुवातीला त्या सरळ विचारायच्या.

"अहो, सोफा बदलायचा का?"

"अगं, कल्पना उत्तम आहे. मात्र आर्थिक वर्ष संपेपर्यंत थांबू, आणि तोवर गाद्यांना नुसती नवी कव्हरं..."

पुढे वहिनी शहाण्या झाल्या. आता त्या सोफा, जेवणाचं टेबल आणि दिवाणखान्याचा रंग एकत्र मांडतात. मसुदेकर तासभर झुंजतात, टेबल आणि रंग परतवून लावतात आणि सोफा देऊन विजयी चेहऱ्यानं उठतात. वहिनींना हवा होता तो सोफाच, हे मला त्यांनी स्वतः सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अपेक्षित पत तोट्याचा मसुदा आला तेव्हाही त्यांनीच त्याचं सार काढलं. तो नियम म्हणतो, कर्ज बुडाल्यावर तरतूद करू नका, बुडेल असं वाटायला लागताच करा. मसुद्यातली तारीख १ एप्रिल २०२७. मसुदेकर रात्री जागून हरकती लिहीत होते. वहिनी दिवा घालवता घालवता म्हणाल्या, "न झालेल्या नुकसानीची काळजी आत्ताच करायची ना? मग यात नवं काय आहे?"

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी वर्गणी ५०१ वरून १००१ करायचं ठरवलं. चिटणीसांनी चुकून व्हॉट्सअॅपवर लिहिलं, 'कुणाला काही सूचना असल्यास कळवाव्यात.' बाकी सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मसुदेकरांनी तीन पानं पाठवली. वाढीचं स्वागत होतं, उत्सवाच्या उदात्त हेतूशी सहमती होती. पुढे मात्र निवृत्त सभासदांवरचा ताण, नुकतीच बदली होऊन आलेल्यांना वर्षभराची सूट आणि मोदकांच्या संख्येशी वर्गणीचं प्रमाण आलं. मंडळाच्या सभेत रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. शेवटी ७५१ ठरले, आणि एवढं बारीक वाचलंच आहे तर खजिनदार तुम्हीच व्हा म्हणून लोकांनी मसुदेकरांच्या गळ्यात माळ घातली.

त्या दिवसापासून मंडपाच्या दाराशी पावतीपुस्तक घेऊन ते स्वतः बसले. ७५१ भरल्याशिवाय आरतीचं ताट कुणाच्या हाती जात नव्हतं. पटियाळ्याची मुलगी दर्शनाला आली तर तिला पाहुणी म्हणून सूट देण्यासाठी त्यांनी चिटणीसांची लेखी परवानगी घेतली. पाचव्या दिवशी मी पावतीपुस्तक उलटून पाहिलं. पावती क्रमांक एक त्यांची स्वतःची होती, पूर्ण ७५१, रोख. खाली सहीच्या शेजारी वळणदार अक्षरात शेरा होता: 'हरकत राखून भरले.'